डॉक्टरांचा न्याय करणाऱ्यांना कोण नेमतं, कोण काढतं?

"डॉक्टर, तुमच्यातल्या कुणाची तक्रार केली, तर निकाल तुमचेच लोक देणार ना?" पेशंटकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

मुंबई इलाख्यात १९१२ साली मेडिकल ॲक्ट आला आणि डॉक्टरांची नोंदवही ठेवणारी कौन्सिल स्थापन झाली. गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं, तर त्या वहीतून नाव कमी करायचं, ही शिस्तीची मूळ कल्पना. पुढे १९५६ च्या कायद्यानुसार मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे बहुतेक सभासद राज्यांतल्या डॉक्टरांनी आणि विद्यापीठांनी निवडून दिलेले असत. काही सरकार नेमत असे. तक्रारीची चौकशी राज्याच्या कौन्सिलने करायची, अपील केंद्राच्या कौन्सिलकडे.

यातली अडचण सरळ आहे. ज्यांची मतं मागायची, त्यांचाच न्याय करायचा! आणि निवड चुकली तर माणूस हटवायचा कसा? २००१ मध्ये केंद्रीय कौन्सिलच्या अध्यक्षांना हटवायला दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश लागला. तेच गृहस्थ २००९ मध्ये पुन्हा निवडून आले. एप्रिल २०१० मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने त्यांना अटक केली आणि महिनाभरात सरकारने अध्यादेश काढून अख्खी कौन्सिलच बरखास्त केली. बोट दुखतंय म्हणून हात कापावा, तसं झालं. २०१३ मध्ये कौन्सिल परत आली, २०१८ मध्ये पुन्हा बरखास्त झाली.

२०१९ च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणला. तो सप्टेंबर २०२० पासून काम करू लागला. शिस्तीचं काम पाहणाऱ्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळातला एक सदस्य वैद्यकीय नीतिशास्त्र, कायदा किंवा रुग्णहक्क अशा क्षेत्रातला असतो. पूर्णवेळ सदस्याची मुदत ४ वर्षं, पुनर्नेमणूक नाही. कलम ७ मध्ये हटवण्याची कारणं लिहून दिली आहेत: दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाचा गुन्हा, कामाला असमर्थता, आड येणारे हितसंबंध, पदाचा गैरवापर. शेवटच्या दोन कारणांसाठी त्याचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे.

म्हणजे सगळं ठीक झालं का? नाही. नेमणारं आणि काढणारं मुख्यतः केंद्र सरकारच. शिवाय कलम ३० मध्ये राज्य कौन्सिलच्या निकालावर मंडळाकडे अपील करण्याचा हक्क डॉक्टरला दिलाय. पेशंटचा उल्लेखच नाही.

पंच मतांवर अवलंबून नको, तसाच नेमणाऱ्याच्या मर्जीवरही नको. त्यामुळे निरपराध डॉक्टर वाचतो आणि पेशंटला निकालावर विश्वास ठेवता येतो. आपण अजून तिथे पोचलेलो नाही, हेच त्या पेशंटला माझं प्रामाणिक उत्तर.