टाकीचा आकार जात ठरवते

घर बांधताना गवंडी विचारतो, "टाकी केवढी काढायची?" मालक सांगतो, "एवढी मोठी काढ की आमच्या हयातीत उपसायला नको." घरभेटींत आम्ही हे उत्तर इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा इतिहास तपासावाच लागला.

सेप्टिक टँक मुळात युरोपातली. फ्रान्समधल्या मुरा यांच्या बंद टाकीला १८८१ च्या सुमारास पेटंट मिळालं. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तशीच टाकी बांधली आणि 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ झालं. टाकीत मैला तळाशी बसतो, हवेविना जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं. पण सगळाच मैला कुजत नाही. गाळ साचतो आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. टाकी मोठी केली की ही वेळ फक्त पुढे जाते. तोवर गाळ घट्ट होतो, गाडीच्या पाइपने निघत नाही, आणि मग माणूस उतरवला जातो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

दुसरी पद्धत दोन खड्ड्यांची. १९७० मध्ये बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी सुलभची स्थापना केली आणि या पद्धतीचा मोठा प्रसार केला. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याचं कोरडं, बिनवासाचं खत होतं, आणि ते घरमालक स्वतः फावड्याने काढू शकतो. टाकीपेक्षा खर्चही कमी. स्वच्छ भारत अभियानातही खेड्यांसाठी याच पद्धतीची शिफारस होती. तरी लोक मोठी टाकीच का मागतात? डायेन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत अभ्यास करून २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं उत्तर: अस्पृश्यता. खत झालं तरी खड्डा रिकामा करणं हे 'त्यांचं' काम!

हे काम पवित्र सेवा ठरवून माणसाला त्यातच अडकवण्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात कठोर टीका केली. सुरक्षा साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरायला मात्र २०१३ चा कायदा यावा लागला. कामावर लावणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. मृताच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं.

दोन खड्डे सगळीकडे चालतात, असा आमचा दावा नाही. खाली पाणी वर असेल, कातळ असेल, विहीर जवळ असेल किंवा शहरात जागाच नसेल, तर टाकी घ्यावी लागते. मग ती घरातल्या माणसांच्या हिशेबाने बांधा, गाडीचा पाइप पोहोचेल अशा जागी ठेवा आणि झाकणावर फरशी बसवू नका. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवा. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी दोन खड्ड्यांत सोडू नका, त्याचा शोषखड्डा वेगळा काढा.

आता आपल्या घरचं. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरांतही आम्ही पंधरा वर्षं न उघडलेली टाकी पाहिली आहे. ती तुंबली तेव्हा त्या घरानेही फोन केला तो मेहतर वस्तीतल्या पोरालाच.