तळटीप : ‘चार डिस्क घेतल्या, जागा मिळाली तीनचीच’

१. इस्लापूरच्या फोटोसंग्रहाबद्दल लेखकाची ही तक्रार रास्त वाटते, पण चौथी डिस्क वाया गेलेली नाही. एक डिस्क बंद पडली तरी माहिती शाबूत राहावी म्हणून ‘रेड ५’ रचनेत एका डिस्कएवढी जागा पॅरिटीसाठी राखून ठेवतात. ही पॅरिटी चारही डिस्कवर विखुरलेली असते. एक उदाहरण पाहू. तीन बिट 1, 0, 1 असतील, तर बेरीज सम राहावी म्हणून पॅरिटीचा बिट 0 लिहिला जातो. मधला बिट गेला, तर उरलेल्या 1, 1 आणि 0 यांवरून तो 0 होता हे निश्चित काढता येते. डिस्क वाढवाव्या तसा या राखीव जागेचा वाटा घटतो : 4 डिस्कमध्ये 25 टक्के, 8 मध्ये 12.5 टक्के. ही रचना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988च्या निबंधात मांडली.

तरीही जागेच्या लोभाने डिस्क वाढवत जाऊ नये. बिघडलेली 4 टीबीची डिस्क बदलल्यावर ती सेकंदाला 150 एमबी या वेगाने पुन्हा भरायला साडेसात तास लागतात आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळेच संपते. ‘रेड ६’ दोन डिस्कचा बिघाड सोसते, पण चारांत निम्मी जागा खाते. दुर्मीळ फोटोंसाठी मी तीच निवडेन. चुकून पुसलेली फाइल मात्र यातली कोणतीही रचना परत देत नाही. म्हणून ज्यांच्याकडे असा संग्रह आहे, त्यांनी एक वेगळी प्रत किनवट किंवा नांदेडला कुणाकडे तरी जरूर ठेवावी. — संपादक