शेजारी बसणाऱ्या बाई

अपंग मुलांच्या शिक्षणाचा इतिहास आपण सहसा संस्थांच्या आणि संस्थापकांच्या नावांनी शिकतो. पॅरिसची अंधशाळा, लुई ब्रेल, बोस्टनचे डॉ. हाऊ. वर्गात मुलाच्या शेजारी बसून चाललेला तास त्याच्यापर्यंत पोचवणारी, पुस्तक वाचून दाखवणारी, त्याचं म्हणणं इतरांना सांगणारी व्यक्ती या इतिहासात अगदी कोपऱ्यात उभी असते. तिला धड एक नावही नाही. कुठे मदतनीस, कुठे सोबती, कुठे नुसतंच ‘ताई’.

या कामाबरोबर एक शंका पहिल्यापासून चिकटलेली आहे. मुलानं उत्तर दिलं की कुणीतरी विचारतंच: हे उत्तर नक्की कोणाचं, मुलाचं की शेजारी बसलेल्या बाईंचं? ही शंका मुलाला आणि बाईंना झोंबते. पण ती निव्वळ आकसाची नाही, तिचा शास्त्रीय पद्धतीनं विचार करता येतो. त्यासाठी आपण अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जाऊ, कारण तिथे या प्रश्नाचा जणू प्रयोगच घडून गेला.

बोस्टनची पर्किन्स अंधशाळा १८३२ साली सुरू झाली. सॅम्युएल ग्रिडली हाऊ तिचे पहिले प्रमुख. १८३७ मध्ये त्यांनी लॉरा ब्रिजमन नावाची सात वर्षांची मुलगी शाळेत आणली. दोन वर्षांची असताना आलेल्या आजारात लॉराची दृष्टी आणि ऐकू येणं दोन्ही गेलं होतं. हाऊंनी चमचा, सुरी, किल्ली, पुस्तक अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मग चिठ्ठ्या सुट्या केल्या, मग अक्षरं सुटी केली. वस्तूला नाव असतं आणि ते नाव आपणही जुळवू शकतो, हे लॉराला उमगलं. चार्ल्स डिकन्सनं १८४२ मध्ये तिला पाहिलं, प्रवासवर्णनात तिच्याबद्दल लिहिलं आणि हाऊंचं नाव सर्वदूर पोचलं.

रोजचं शिकवणं मात्र हाऊ करत नव्हते. लिडिया ड्र्यू नावाच्या शिक्षिकेनं एका कर्णबधिर गृहस्थाकडून बोटांची वर्णमाला शिकून घेतली आणि ती लॉराला दिली. या वर्णमालेत एका हाताच्या बोटांची विशिष्ट ठेवण म्हणजे एक अक्षर. मूळ स्पेनमधलं, हुआन पाब्लो बोनेत यांच्या १६२० च्या पुस्तकात तिची चित्रं आहेत. कर्णबधिर माणूस ती डोळ्यांनी वाचतो. लॉरा ती आपल्या तळहातावर, स्पर्शानं वाचायची. ड्र्यूनंतर मेरी स्विफ्ट आली, तिच्यानंतर सारा वाइट. या शिक्षिका दिवसभर लॉराबरोबर असत आणि काय शिकवलं, लॉरानं काय विचारलं, याची रोजनिशी ठेवत. हाऊंच्या वार्षिक अहवालांचा कच्चा माल म्हणजे या रोजनिशा.

१८५० मध्ये सारा वाइट लग्न करून गेली. तिच्या जागी लॉरासाठी स्वतंत्र शिक्षिका नेमली गेली नाही. लॉरा तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. पुढे तिला घरी पाठवलं, पण तिथे तिच्या हातावर बोलायला वेळ असलेलं कुणी नव्हतं. तिची तब्येत इतकी ढासळली की तिला शाळेत परत आणावं लागलं. १८८९ मध्ये वारली तोवर ती पर्किन्समध्येच राहिली. सगळं जग एका माणसाच्या हातातून येत असेल, तर ते माणूस गेल्यावर काय होतं याचं हे उदाहरण. हाऊंच्या कीर्तीच्या गोष्टीत आपण ते सहसा सांगत नाही.

लॉराची खोली ज्या इमारतीत होती तिथेच १८८० मध्ये अ‍ॅन सलिव्हन नावाची चौदा वर्षांची, जवळजवळ दृष्टी गेलेली मुलगी दाखल झाली. खुपऱ्यांमुळे तिचे डोळे बिघडले होते. चार वर्षं ती सरकारी गरीबगृहात होती, सोबत ठेवलेला धाकटा भाऊ तिथेच वारला. पर्किन्समध्ये असताना डोळ्यांवर शस्त्रक्रिया होऊन तिला बरंचसं दिसू लागलं. लॉराशी गप्पा मारता याव्यात म्हणून ती बोटांची वर्णमाला शिकली. १८८६ मध्ये ती वर्गात पहिली आली, आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये, विसाव्या वर्षी, अलाबामातल्या टस्कंबिया गावी हेलन केलरला शिकवायला गेली. निघण्यापूर्वी तिनं हाऊंचे अहवाल बारकाईनं वाचले होते.

पंपाच्या पाण्याची गोष्ट आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतूनही आलेली आहे, ती पुन्हा सांगत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात अ‍ॅननं घेतलेला निर्णय आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. हेलनची सव्वा वर्षाची एक चुलत बहीण होती. तिला कुणी ‘शब्द’ शिकवत नाही, सगळे तिच्याशी पूर्ण वाक्यांत बोलतात आणि तिला बोलता येण्याआधी कितीतरी कळू लागतं, हे अ‍ॅननं पाहिलं. मग तिनं ठरवलं की बाळाच्या कानात बोलतात तसं आपण हेलनच्या हातात बोलत राहायचं. धड्याची ठरावीक वेळ तिनं बंद केली. चिठ्ठ्या चिकटवण्यापासून हे फार लांबचं पाऊल होतं. मूल भाषा कसं शिकतं याचं निरीक्षण त्यामागे होतं. अहवाल वाचून गेलेल्या विशीतल्या शिक्षिकेनं महिन्याभरात ते बाजूला ठेवले.

चार वर्षांनी शंका उभी राहिली. १८९१ च्या हिवाळ्यात अकरा वर्षांच्या हेलननं एक परीकथा लिहून पर्किन्सचे तेव्हाचे प्रमुख मायकेल अ‍ॅनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी ती छापली. लवकरच लक्षात आलं की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या एका कथेशी ती फार जुळते. ती कथा हेलनला तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बाईंनी हातावर वाचून दाखवली होती, हेलनला त्याची आठवणही नव्हती. पर्किन्समध्ये आठ जणांची चौकशी समिती बसली. अ‍ॅनला खोलीबाहेर जायला सांगून त्या मुलीला एकटीला प्रश्न विचारले. मतं समसमान पडली आणि अ‍ॅनाग्नोस यांच्या मतानं हेलन सुटली. ऐकलेलं विसरून ते आपलंच म्हणून लिहिणं मोठ्या लेखकांकडूनही होतं. पण हेलनला पुढे वर्षानुवर्षं लिहिताना भीती वाटायची, की हे माझं आहे की कुणाचं?

१८९६ मध्ये हेलन रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करायला केंब्रिजच्या एका मुलींच्या शाळेत गेली. बाकीच्या मुलींना दिसत होतं, ऐकू येत होतं. अ‍ॅन शेजारी बसून शिक्षकांचं बोलणं हातावर लिही. हेलनचा हात ऐकण्यात गुंतलेला, त्यामुळे टिपणं काढता येत नसत. घरी गेल्यावर लिखाण ती टंकलेखन यंत्रावर करी. बहुतेक पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती, ती अ‍ॅन वाचून दाखवी. भूमितीसाठी उशीवर तारा टोचून आकृत्या करायच्या. वाकवलेल्या तारांनी वर्तुळ आणि सरळ तारांनी त्रिकोण होत असे, पण कोनांची अक्षरं डोक्यातच ठेवावी लागत.

जून-जुलै १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षा झाली. यंत्राच्या आवाजाचा इतरांना त्रास नको म्हणून हेलनला वेगळी खोली दिली. प्रश्नपत्रिका अ‍ॅननं वाचायची नाही, असं ठरलं. बोटांची वर्णमाला शिकलेले शाळेचे प्रमुख आर्थर गिलमन शेजारी बसले. प्रश्न ते एकेका वाक्यानं हातावर लिहीत, बरोबर कळलं हे दाखवायला हेलन तो मोठ्यानं म्हणे आणि उत्तर स्वतः टंकित करी. ती सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाली, जर्मन आणि इंग्रजीत विशेष श्रेणीत.

प्रयोगाच्या भाषेत बोलायचं तर इथे फक्त एक घटक बदलला: मदत करणारा हात. बाकी सारं तेच ठेवून हात बदलला आणि उत्तरं टिकली. पुढे गिलमन आणि अ‍ॅन यांच्यात हेलनवर पडणाऱ्या ताणावरून बिनसलं, दोघींना वेगळं करण्यापर्यंत वेळ आली आणि हेलनच्या आईनं मुलीला त्या शाळेतून काढलं.

अंतिम परीक्षा २९ आणि ३० जून १८९९ रोजी होती. या वेळी पर्किन्समधले एक शिक्षक, युजीन व्हायनिंग, प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देतील, असं महाविद्यालयानं ठरवलं. व्हायनिंग हेलनला अनोळखी होते. ब्रेलमध्ये लिहून देण्यापलीकडे त्यांना तिच्याशी बोलता येत नव्हतं. पर्यवेक्षकही अनोळखी, आणि त्यांनी तिच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्नच केला नाही.

आता खरी अडचण पाहा. त्या काळी अमेरिकेत ठिपक्यांच्या लिप्या एकाहून अधिक होत्या: इंग्लिश ब्रेल, अमेरिकन ब्रेल, न्यूयॉर्क पॉइंट. भाषेच्या पेपरला हेलनचं अमेरिकन ब्रेलवर निभावलं. बीजगणिताची चिन्हं मात्र प्रत्येकीत वेगळी होती आणि हेलन त्यासाठी इंग्लिश ब्रेल वापरत आली होती. परीक्षेच्या दोन दिवस आधी व्हायनिंग यांनी नमुन्याची जुनी प्रश्नपत्रिका पाठवली, तेव्हा हे लक्षात आलं. तिनं कळवलं, उलट टपाली चिन्हांचा तक्ता आला आणि ती ती चिन्हं पाठ करत बसली. आदल्या रात्रीपर्यंत कंस, महिरपी कंस आणि वर्गमूळ एकत्र आले की तिचा गोंधळ होई. परीक्षेत प्रत्येक उदाहरण पुन्हा पुन्हा चाचपून वाचावं लागलं. भूमितीची विधानंही ब्रेलमध्ये वाचायची तिला सवय नव्हती, तशी ती समोर आल्यावर काय वाचतोय हे डोक्यात बसेना. तरी ती उत्तीर्ण झाली.

महाविद्यालयाचा हेतू प्रामाणिक होता आणि निकालानं हेलनवरची शंकाही पुष्कळ फिटली. पण त्या पेपरात बीजगणितापेक्षा अनोळखी चिन्हांची परीक्षा जास्त झाली. मदतीचा प्रामाणिकपणा तपासायला दोन वर्षांपूर्वी हात बदलणं पुरेसं झालं होतं, आता मदतीची भाषाच बदलली गेली.

१९०० ते १९०४ या काळात अ‍ॅन रॅडक्लिफच्या वर्गात हेलनशेजारी बसली. प्राध्यापकांपैकी बोटांची वर्णमाला शिकले ते फक्त विल्यम नील्सन. बाकीच्यांचं बोलणं एका हातातून येई, आणि वर्गमैत्रिणींशी थेट गप्पा फारशा होत नसत. अ‍ॅन रोज चार-पाच तास वाचून दाखवते हे कळल्यावर डोळ्यांचे डॉक्टर हबकले. मग एखादा उतारा पुन्हा वाचू का, असं अ‍ॅननं विचारलं की हेलन ‘आठवतोय’ म्हणून खोटं सांगे. हे तिनंच पुढे लिहून ठेवलं आहे. १९०४ मध्ये हेलनला पदवी मिळाली. अ‍ॅनला त्या वर्गांत बसण्याबद्दल काही मिळालं नाही. टेंपल विद्यापीठाची मानद पदवी तिनं आधी नाकारून १९३२ मध्ये स्वीकारली.

शंका रास्त असते असं सुरुवातीला म्हटलं त्याचं कारण नव्वद वर्षांनंतरचं आहे. १९९० च्या सुमारास ‘आधारित संवाद’ नावाची पद्धत अमेरिकेत झपाट्यानं पसरली. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाचा हात मदतनीस धरे आणि मूल अक्षरफलकावर टंकन करी. मुलं एकाएकी लांब, सुंदर वाक्यं लिहू लागली. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रातल्या १२ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मदतनिसाला आणि त्या व्यक्तीला वेगवेगळी चित्रं दाखवली, दुसऱ्याचं चित्र कुणालाच दिसत नव्हतं. अशा वेळी एकही उत्तर बरोबर आलं नाही. जे टंकित झालं ते मदतनिसानं पाहिलेल्या चित्राचं नाव. मदतनीस लबाड नव्हते. आपणच हात हलवतो आहोत याची त्यांना कल्पनाच नव्हती. प्लँचेटची वाटी सरकते तसंच. हेलन यंत्रावर स्वतःच्या हातांनी लिहीत होती, अ‍ॅनचा हात प्रश्न आणून देत होता, उत्तर हलवत नव्हता. दोन्ही मदतींमधला फरक तिथे आहे. मदत आत येताना आहे की बाहेर जाताना, हे आधी पाहावं.

बाहेर जाताना मदत घ्यावीच लागते अशी मुलं आपल्या शाळांत असतात, आणि त्यांच्यासाठी लेखनिक असतो. मूल सांगतं, लेखनिक लिहितो. उत्तर लेखनिकाचं असू नये म्हणून आपण तो खालच्या इयत्तेतला घेतो. २०१३ मध्ये केंद्र सरकारनं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षार्थीला स्वतःचा लेखनिक आणण्याची मुभा दिली आणि तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ ठेवला. २०१८ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नाही, एवढ्याच कारणानं लेखनिक नाकारता येणार नाही. खटला लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराचा होता.

२०१८ च्या सुधारित सूचनांमध्ये एक बारीक कलम होतं. लेखनिक परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मिळणार असेल, तर उमेदवाराला त्याला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटू द्यावं. दोनच दिवस, हेलनला चिन्हांसाठी मिळाले तेवढे. आपल्या ‘पाव’, ‘छेद’, ‘वर्गमूळात’ या शब्दांनी एकानं सांगितलेलं गणित दुसऱ्यानं नेमकं तसंच उतरवायचं, तर ती जोडी जमायला किती तालमी लागतात हे एकदा वर्गातल्या दोन मुलांना समोरासमोर बसवून करून पाहावं. कंसातलं उदाहरण द्यावं, आणि लिहिणाऱ्याला प्रश्न दाखवू नये.