तळ्याची पाळ आणि सांडवा

श्रींचे माहात्म्य, जीर्णोद्धाराची हकीकत व देणगीदारांची नामावली या स्मरणिकेत इतरत्र आलेली आहे. मजकडे गावाच्या इतिहासाचा लेख सोपविण्यात आला. इतिहास म्हटला की लढाया आणि सनदा डोळ्यांपुढे येतात, पण आपल्या गावी लढाई झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. मंदिराच्या पायथ्याचे तळे मात्र गावाइतकेच जुने समजले जाते, आणि यंदा त्या तळ्यास घाट बांधण्याचे समितीने योजिले आहे. तेव्हा तळ्याचाच इतिहास यथामती सांगतो.

तळे बांधण्याची विद्या शोधावयास आपल्याला लांब जावे लागत नाही. सिंदखेड राजा येथे जिजाऊसाहेबांचा जन्म झाला, एवढे शाळेतील पोरही सांगते. त्यांचे वडील लखुजीराव जाधवराव हे निजामशाहीतील मातबर सरदार आणि सिंदखेडचे देशमुख. 1629 साली देवगिरीवर भर दरबारात त्यांचा घात झाला, हेही सर्वश्रुत आहे. परंतु दर 12 जानेवारीस हजारो माणसे राजवाड्यापुढे माथा टेकवून परततात, त्यांपैकी फार थोडी मोती तलाव पाहतात. जाधवरावांच्या काळातील या तलावाची पुढील बाजू किल्ल्याच्या तटासारखी बांधलेली असून तेथे बसण्याच्या जागाही केलेल्या आहेत. दुसरा चांदणी तलाव. त्याच्या मधोमध मजले चढविलेली इमारत आहे. पाणी अडवावे, शेताला-गावाला द्यावे, आणि सायंकाळी त्याच पाण्यावर वारा खात बसावे, असा तो थाट. त्या वेळी पाटबंधारे खाते नव्हते. वतनदाराने आपल्या गावी बांधलेली ही तळी, आजच्या भाषेत खाजगीच म्हणावी लागतील.

पाण्यात महाल बांधण्याची कल्पना निजामशाहीत नवी नव्हती. अहमदनगरचा फराहबाग 1583 साली पुरा झाला; तोही मोठ्या हौदाच्या मध्यभागी उभा आहे. लखुजीरावांचे निजामशाहीशी असलेले नाते पाहता त्यांच्या नजरेखालून तो गेला असणार, असा माझा आपला अंदाज. मला विशेष वाटते ते निराळेच. चांदणी तलावात मौजेची जागा पाण्यात स्वतंत्र पायावर आहे, तिचा भार पाळीवर टाकलेला नाही. मोती तलावावर जेथे माणसे बसावयाची तेथे तटासारखे दगडी काम आहे. माणसांची वर्दळ कोठे सोसेल, याचा विचार करूनच त्या कारागिरांनी जागा ठरविल्या असाव्यात.

आपल्यासारख्या लहान गावांना असला दगडी तट कोठून परवडणार? आपली तळी मातीच्या पाळीची. मुरूम व माती थरावर थर टाकून चोपायची, पाण्याकडील अंगास दगड लावायचे आणि एका टोकास, पाळीपेक्षा खालच्या पातळीवर, जादा पाण्याला वाट ठेवायची. ती वाट म्हणजे सांडवा. दिसावयास तो नुसता चर असतो. म्हणून त्याची किंमत कोणाला कळत नाही.

तळ्याचा उपयोग शेतापुरता कधीच नव्हता. पोळ्याच्या दिवशी बैल येथेच धुतले जात. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून मुले येथेच पोहावयास शिकली, आणि काठावर एखादा म्हातारा चिलीम ओढीत बसलेला असे, तोच त्यांचा पहारेकरी. पुढे 1972 चा दुष्काळ आला. हजारो हातांना काम देण्यासाठी पाझर तलाव व बंधारे झाले, रोजगार हमीचा कायदा झाला, आणि तळ्यांची संख्या वाढली. विहिरी मात्र वाढत गेल्या तसे तळ्यावरचे लक्ष कमी झाले. नळ आल्यावर तर काठावर बसणारे म्हातारेही उरले नाहीत.

मंदिराखालचे तळे सात-बाराच्या उताऱ्यावर खाजगी आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. मालकांनी मोठ्या मनाने घाटास संमती दिली, त्याबद्दल त्यांचे उपकार. पण खाजगी असल्यामुळेच त्याची पाळ पाहण्यास कोणी येत नाही. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची लहान तळी जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरील इतर खात्यांकडे. केंद्राने 2021 साली धरण सुरक्षा कायदा केला. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागतो. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना काही अटींवर. आपली पाळ दोन पुरुषांच्या उंचीची. ती कोणत्याही रजिस्टरात बसत नाही.

एवढीशी पाळ, तिचे काय भय, असे कोणी म्हणेल. 12 जुलै 1961 रोजी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण, बांधकाम पुरते झालेले नसताना, फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही गेले आणि पुणे शहर पाण्याखाली आले. ते मोठे धरण होते, हे खरे. परंतु 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले, ते लहानच होते. सुमारे वीस माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरले असे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी केले आणि ते राज्यभर गाजले. खेकड्याची व उंदराची बिळे पाळीला घातक असतात यात खोटे काही नाही. परंतु बिळे बुजविण्याचे काम खेकड्याचे नव्हे.

मातीची पाळ बहुधा दोन तऱ्हांनी जाते. सांडवा अपुरा पडला की पाणी पाळीवरून वाहते आणि मागची माती तासत नेते. मग घटकाभरात खिंडार पडते. दुसरी तऱ्हा आतून. पाळीच्या पायथ्याशी थोडा झिरपा असतोच, आणि तो स्वच्छ असला तर घाबरण्याचे कारण नाही. तो गढूळ येऊ लागला की पाळीच्या पोटातील माती वाहू लागली असे समजावे. पाळीवरील बाभळी व निंबाची झाडे छान सावली देतात, पण झाड वाळले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. तेव्हा पाळीवर गवत असावे, झाडे काठावर असावीत.

बुडण्याचा धोका तर पाळ शाबूत असतानाही असतो. 2016 पासून शेततळ्यांच्या योजनेने गावोगाव शेततळी झाली. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये बियाणे पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा तर शेततळे हाच आधार आहे. पण आतील प्लास्टिक ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. चांगला पोहणाराही काठाला येऊन पुन्हा आत घसरतो, आणि त्याला काढावयास उतरणारा दुसराही. मी तालुका कचेरीत असल्याने असली प्रकरणे कागदांतून पुढ्यात येतात : पंचनामा, शवविच्छेदन, वारसाचा दाखला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख रुपये मिळतात, पण वय दहा ते पंचाहत्तरच्या आत लागते. आठ वर्षांच्या मुलाचे प्रकरण त्यात बसत नाही, हे त्याच्या बापाला टेबलापलीकडे सांगावे लागते. शेततळ्यास कुंपण आणि आत सोडलेला गाठी मारलेला दोर, एवढ्याचा खर्च किती होतो? जिवापुढे तो फार नाही.

आता आपल्या घाटाविषयी. घाट झाला की विसर्जन तेथे होईल, यात्रेकरू स्नान करतील, मुले उड्या मारतील, आणि ते व्हावेच. तळे नुसते पाहावयास नसते. परंतु पायऱ्या पाळीवर न काढता मंदिराच्या बाजूच्या कातळी काठास घ्याव्यात, म्हणजे वर्दळ पाळीपासून दूर राहील. शेवटच्या पायरीपुढे पाणी एकदम खोल न जाता कमरेइतके राहील असा ओटा असावा, आणि ओट्यापुढे साखळी. सांडव्याचे काम याहून निकडीचे आहे. यात्रेत वाहने उभी करण्यासाठी काही वर्षांपूर्वी त्यात मुरूम टाकला गेला आणि त्याची रुंदी निम्म्यावर आली. तेव्हापासून मोठा पाऊस झाला नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पाळीखाली आता बावीस घरे आहेत. मुरूम उचलून सांडवा मूळ रुंदीचा करावा व त्याचे तोंड दगडात बांधून घ्यावे, असे समितीच्या मागील बैठकीत ठरले. वाहनांसाठी शाळेमागील मोकळी जागा सुचविण्यात आली आहे.

शिखर, सभामंडप, महाद्वार व घाटाच्या पायऱ्या यांसाठी देणगीदारांची नावे निश्चित झालेली असून ती शेवटच्या पानांवर छापली आहेत. सांडव्याच्या दगडकामास अद्याप कोणाचे नाव लागलेले नाही. ते काम मृगापूर्वी व्हावयाचे आहे.