तळटीप : मोतमावली

४. लेखकाने ‘माउलीचे देऊळ’ असे लिहिल्यामुळे लातूर-नांदेडच्या वाचकाला आधी आळंदीच आठवेल. प्रत्यक्षात हे वांद्र्याच्या टेकडीवरचे मरियमचे चर्च, माउंट मेरी. कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांच्या तोंडी ती मोतमावली. जुने प्रार्थनामंदिर वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत (१७३७–३९) नष्ट झाले. मूर्ती पुढे समुद्रात कोळ्याच्या जाळ्यात सापडली, अशी आख्यायिका आहे. आजची इमारत १९०४ची. जत्रा मरियमच्या जन्मदिनाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास भरते आणि आठवडाभर चालते. त्यामुळे लेखकाला दिसलेली गर्दी नेहमीची समजू नये.

लेखक ज्यांना ‘मेणाची खेळणी’ म्हणतात, ती खेळणी नव्हेत; नवसाच्या वस्तू आहेत. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवे असेल तर मेणाचे बाळ, घर हवे असेल तर मेणाचे घर. वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. देवीला चांदीचे डोळे नि पाळणे वाहिलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. माहूरच्या जिल्ह्यातून आलेल्या लेखकाची इथे गल्लत व्हावी, याचे मात्र नवल वाटते. – संपा.