ओडिसियसची ओळख
होमरच्या ‘ओडिसी’चे सर्ग 24, पण नायक मायभूमीला, इथाकेला, पोहोचतो तो 13 व्या सर्गातच! मग उरलेले निम्मे काव्य कशासाठी? आम्हांस वाटते, घरी पोहोचणे निराळे आणि घरचा ठरणे निराळे, हे दाखविण्यासाठी. एकाक्ष राक्षसाला आपले नाव ‘कोणीच नाही’ असे सांगून ज्याने प्राण वाचविले, तो 20 वर्षांनी स्वतःच्याच घरात भिकाऱ्याच्या वेषाने शिरतो. म्हातारा कुत्रा त्याला ओळखतो. दाई पाय धुताना जुन्या व्रणावरून ओळखते. पेनेलोपी मात्र परीक्षा पाहते. जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याचा पलंग हलविता येणार नाही, हे गुपित तो बोलून जातो, तेव्हाच ती त्याला पती मानते. घर त्याने बाहुबळाने परत घेतले. ओळख मात्र दुसऱ्यांच्या स्मृतीनेच त्याला परत दिली.