लॉर्डसाहेबांचा खटला आणि सॉमरव्हिलची पदवी

आमच्या घरात गुप्तहेर आला तो उर्दूतून. अब्बांकडे इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’ची पुस्तकं होती, पिवळी पडलेली, कडा झिजलेली. त्यातला फरीदी खानदानी श्रीमंत. नोकरीची गरज नाही, पण शौक म्हणून पोलीस खात्यात आलेला. बाबुराव अर्नाळकर नंतर मैत्रिणींकडून मिळाले. त्यामुळे लॉकडाऊनमध्ये मामेभावाने दिलेल्या डिस्कवर लॉर्ड पीटर विम्झी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो मला परका वाटलाच नाही. एका डोळ्यावर काच, तोंडात वायफळ बडबड, सोबत बंटर नावाचा नोकर आणि डोकं मात्र वस्तऱ्यासारखं. हा तर आमचा नवाबच की!

डोरोथी सेयर्स या लेखिकेने १९२३ साली विम्झीची पहिली कादंबरी लिहिली. बीबीसीने १९७२ ते १९७५ या काळात तिच्या पाच कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. विम्झी झाला इयान कारमायकल. त्यासाठी तो स्वतःच काही वर्षं बीबीसीच्या मागे लागला होता. वय पन्नाशीपलीकडचं आणि नायक तिशीतला, हे खटकतं. पण दोन भागांनंतर मी ते विसरून गेले. खुनी कोण, हे मला बऱ्याचदा आधीच कळतं. मी पाहते ते त्यातल्या इतिहासासाठी.

पहिलीच मालिका घ्या, ‘क्लाउड्स ऑफ विटनेस’. विम्झीचा थोरला भाऊ ड्यूक आहे आणि त्याच्यावर खुनाचा आरोप येतो. त्या रात्री कुठे होतो हे तो सांगायला तयार नाही. आता ड्यूकवर खटला चालणार कुठे? साध्या कोर्टात नाही, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये! उमरावाचा न्याय उमरावांनीच करायचा. झगे घालून बसलेले लॉर्ड एकेक करून उठणार, छातीवर हात ठेवणार आणि स्वतःच्या इभ्रतीची शपथ घेऊन दोषी की निर्दोष ते सांगणार. मला वाटलं, ही लेखिकेची गंमत असेल. शोधलं तर प्रथा खरी निघाली. असा शेवटचा खटला १९३५ साली चालला, मोटार अपघातात एका माणसाचा जीव गेल्याबद्दल लॉर्ड डी क्लिफर्डवर. तो निर्दोष सुटला. १९४८ साली कायद्याने ही सवलत संपवली. म्हणजे आपण स्वतंत्र झालो तेव्हा ती कागदोपत्री जिवंतच होती.

इथे मला नववीच्या वर्गात शिकवलेलं इल्बर्ट बिल आठवलं. १८८३ साली व्हाइसरॉय रिपनच्या सरकारने एक साधी गोष्ट करायची म्हटली: मुंबई-कलकत्त्यासारख्या मोठ्या शहरांबाहेरही हिंदी न्यायाधीशाला गोऱ्या आरोपीवर खटला चालवता यावा. त्यावर इंग्रज मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बिलाच्या बाजूने सभा झाली. तेलंग, फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी, तिघेही तिथे बोलले. शेवटी तडजोड झाली आणि गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे असलेली ज्यूरी मागता येऊ लागली. मुलांना मी हे नेहमी वंशद्वेष म्हणून शिकवलं आणि ते खरंच आहे. पण ड्यूकचा खटला पाहून कळलं, की आपला न्याय आपल्यातल्यांनीच करावा ही सवय त्यांच्या घरात फार जुनी होती. इथे येऊन फक्त ड्यूकच्या जागी गोरी कातडी बसली.

मग हे पाहायला आवडतं कसं, असं माझा भाऊ विचारतो. प्रश्न खोटा नाही. सेयर्सच्या कादंबऱ्यांत ज्यूंबद्दल जे बोललं जातं, त्याने माझ्यासारखीच्या कपाळावर आठी येतेच. ‘त्या लोकांविषयी’ सहज बोललेलं वाक्य कसं असतं, ते आम्हाला बसमध्येही ऐकू येतं. पण याच लेखिकेने विम्झीला नुसता बाहुला ठेवलेला नाही. तो पहिल्या महायुद्धातून मन मोडून परतलेला आहे आणि बंटर हा त्याचा लढाईतला सार्जंट. ‘बेलोना क्लब’मध्ये युद्धविरामाच्या दिवशी क्लबातल्या खुर्चीत म्हातारा जनरल मेलेला सापडतो आणि विषारी वायूने खंगलेला त्याचा नातू बायकोच्या कमाईवर जगावं लागतं म्हणून चिडचिडतो. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्याच युद्धात गेले. परत आलेल्यांच्या रात्री कशा गेल्या, यावर कोणी मालिका काढलेली नाही.

माझी खरी आवडती मात्र १९८७ ची मालिका. विम्झी एडवर्ड पेथरब्रिज आणि हॅरिएट वेन झालेली हॅरिएट वॉल्टर. यातली ‘गॉडी नाइट’ ऑक्सफर्डच्या बायकांच्या कॉलेजात घडते. कोणीतरी निनावी घाणेरड्या चिठ्ठ्या पाठवतंय, शिकलेल्या बायकांवर राग काढतंय. खून नाहीच. तरी मी श्वास रोखून पाहिली, कारण सेयर्स जे लिहीत होती ते तिने भोगलं होतं. सॉमरव्हिल कॉलेजात ती १९१५ साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, पण बाईला पदवी द्यायची ऑक्सफर्डची रीत नव्हती. ती १९२० साली मिळाली.

आणि त्याच सॉमरव्हिलमध्ये तिच्याआधी आपल्या नाशिकची मुलगी शिकून गेली होती! कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी. परीक्षेत अव्वल आली, पण विलायतेची शिष्यवृत्ती मुलगी म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि ती १८८९ साली ऑक्सफर्डला पोचली. १८९२ मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी.

माझं बी.एड. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालं. अब्बांनी बारावीनंतर भावाची फी भरली आणि माझ्यासाठी स्थळ पाहिलं. मला त्यांचा राग नाही. ‘जासूसी दुनिया’ त्यांनीच वाचायला दिली. पण मागच्या महिन्यात दहावीची एक हुशार मुलगी म्हणाली, “बाजी, घरी म्हणतात निकाल लागला की बस.” तेव्हा मी तिच्या अम्मीला भेटायला गेले आणि चहा पिता पिता कॉर्नेलियाची गोष्ट सांगितली. अम्मी म्हणाल्या, “तीस साल? इतनी देर कौन बैठेगा, बाजी?” अकरावीचा फॉर्म मात्र त्यांनी ठेवून घेतला आहे.

विम्झी आणि हॅरिएटच्या लग्नाची कादंबरी त्या मालिकेत आली नाही, कारण तिचे हक्क मिळाले नाहीत. ती मी आता पुस्तकातून वाचते आहे, शब्दकोश उशाशी ठेवून.